कवीचं नाव नसलेलं गाणं

"आजच्या लोकप्रिय ख्रिस्ती गीतांच्या अल्बममध्ये तुमचं गाणं घेऊ का?" असं चर्चच्या ऑर्गनवादकाने पत्रातून विचारलं होतं. मी उत्तर दिलंच नाही. आज पोस्टाच्या रांगेत माझ्यापुढे दोघी बहिणी तोच अल्बम घेऊन उभ्या होत्या.

"ताई, फक्त याच गाण्याला कवीचं नाव नाही."

"वादक म्हणतो, कवीला पत्र पाठवलं, उत्तर आलं नाही, म्हणून न विचारता नाव छापलं नाही."

"पत्राची नक्कल आहे?"

"पत्राची नक्कल कोण ठेवतं गं?"

"मग गाणं ढापलंय. रविवारी त्याला चर्चच्या कामावरून काढणारच आहेत."

"कवी लाजाळू असेल."

"इतकं कोणी लाजत नाही, ताई."

खिडकीशी मी पोस्टकार्ड घेतलं. 'गाणं माझं आहे, तुम्हाला आनंदाने दिलं,' असं लिहून खाली पूर्ण नाव घातलं, वर वादकाचा पत्ता घातला आणि पेटीत टाकलं.