पोळपाटाचं टेकण

बोरिवलीच्या जेटीवर गोराईच्या बोटीसाठी गाड्यांची रांग लागली होती. रांगेत थांबलेल्या श्रुतिकाच्या स्कूटरपुढे एक काका आपल्या जुन्या, छोट्या मोटरसायकलमागे उकिडवे बसून पान्याने नट आवळत होते. रिक्षातून उतरलेल्या काकू ओढणी सावरत त्यांच्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

“आलीस? बघ, मागचं टेकण आता जराही हलत नाही. जुन्या खाटेचा पाइप घरीच वाकवलाय.”

“आणि मागून हे लाकडी गोल काय दिसतंय? अहो, हा तर माझा पोळपाट!”

“पुढून फोम आणि रेक्झिन चढवलंय गं. तुझ्या कंबरेला टेकायला केलं ना सगळं!”

“कंबरेला कुठे लागतंय? परवा एका बाजूला बसले, तर दहिसरपर्यंत बरगडीत टोचत होतं.”

“साडीवाली बाई एका बाजूला बसते, हे डोक्यातच आलं नाही बघ. सगळ्या मेहनतीची वाट लागली. म्हणून तर आज तुला रिक्षाने ये म्हटलं.”

“मग आता?”

“आता काय, उद्या काढून टाकतो. पोळपाट घे परत.”

“काढायला हात तर लावून बघा!”

“अगं, पण तू बसणार कशी?”

“मघापासून त्या नटाकडेच बघताय. जरा मान वर करा.”

काकांनी मान वर केली. पाना हातातच राहिला.

“पंजाबी ड्रेस? शेवंती, तू?”

“सुनेचा आहे. हसू नका. गाडी नीट धरा आणि मला पाय पलीकडे टाकू द्या. बोट येईपर्यंत जरा टेकून बसते.”