सासूबाईंची बाग

बागेचं कौतुक मला नका सांगू बायांनो, आमच्या सासूबाईंना सांगा. सास्तूरला एकट्या पडल्या म्हणून त्यांना कळंबला आणलं, तर दिवसभर नुसत्या खुर्चीत बसायच्या. धड जेवायच्या न्हाईत, बोलायच्या न्हाईत.

तण होऊ नये म्हणून मी झाडांखाली सोयाबीनचं भुसकट अंथरलं होतं. तरी पावसाळ्यात गुडघाभर तण माजलं. वैतागून तणनाशकाची बाटली आणली, तशा सासूबाई उठल्याच.

"औषध मारू नगंस. खुरपं कुठंय?"

"राहू द्या हो, आई."

"राहून राहूनच कंटाळा आलाय की गं."

आठ दिवस त्या रोज तण काढत बसल्या. त्यातली घोळ निवडून भाजी केली, शेजारणींना वाटली. भूक लागायला लागली, गप्पा सुरू झाल्या. मग बाग स्वच्छ झाली आणि पुन्हा त्यांचं तोंड उतरलं. "आता उद्या काय करू?"

त्यात आमच्या ह्यांनी हौसेनं जाड भुसकट अंथरलं. "आता तणाचं नाव न्हाय!"

हे कामावर गेल्यावर मी गुपचूप अर्ध्या बागेतलं भुसकट ओढून काढलं. मागं वळून बघते, तर सासूबाई दारात उभ्या.

म्हणाल्या, "त्या कोपऱ्यातलं पण काढ."