तळ्यात फेकलेला फोन

(ठाणे, खोपट. सोमवारी सकाळी साडेनऊ. विश्राम, एसटीतून निवृत्त झालेले वाहतूक नियंत्रक, आणि दारात त्यांची नात वल्लरी.)

विश्राम: कुणाला सांगितलंस तरी खरं वाटणार नाही वल्लरी, पण परवा शनिवारी मी एका पोलीस इन्स्पेक्टरला रडवला. ढसाढसा! व्हिडिओ कॉलवर.

वल्लरी: आधी आत तर येऊ द्या. आजीने खडवलीहून तीनदा फोन केला मला. म्हणे, आजोबा फोन घेत नाहीत, जाऊन बघ. डोंबिवलीहून धावत आलेय. आणि हे काय? पंखा बंद, खिडक्या बंद. शर्ट भिजलाय तुमचा.

विश्राम: पंख्याचा आवाज जातो गं त्यांना... म्हणजे, गोष्ट सांगताना मध्ये येतो. किती वाजले?

वल्लरी: नऊ बत्तीस.

विश्राम: आठ मिनिटं आहेत. ऐक पटकन.

वल्लरी: कसली आठ मिनिटं?

विश्राम: माजिवड्याला पेन्शनरांची मीटिंग आहे. तर तो इन्स्पेक्टर. खांद्यावर स्टार, मागे झेंडा. म्हणतो, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात.

वल्लरी: आजोबा, असली अटक नसतेच! कायद्यातच नाही ती.

विश्राम: मला शिकवतेस? बत्तीस वर्षं डेपोत काढली. खोटं मेडिकल आणणारे कंडक्टर चालीवरून ओळखायचो. म्हटलं, ‘बिल्ला नंबर बोला. ड्युटी कुठून कुठे?’ गडबडला! मागचे चार हवालदार उठले आणि मलाच सॅल्यूट.

वल्लरी: चार. घाटात तुमच्या एसटीला वाट देणारे बिबटेही चारच होते.

विश्राम: तीन. चौथं पिल्लू होतं.

वल्लरी: मग १९३०ला कळवलंत ना? सायबरवाल्यांना?

विश्राम: कळवलं तर! म्हणाले, विश्रामराव, आमच्या पोरांना ट्रेनिंग द्यायला या.

वल्लरी: बरं. आणि त्याला हवं काय होतं?

विश्राम: आजीच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनची ठेव. ती मोडा, तपासणीला आमच्या खात्यात पाठवा, दोन दिवसांत परत देऊ. घरात कुणाला बोललात, तर सिम बायकोच्या नावावर आहे, तिलाही उचलू.

वल्लरी: आजीला?

विश्राम: हो.

वल्लरी: मग तुम्ही काय केलंत?

विश्राम: मी? खदाखदा हसलो.

वल्लरी: आजीचं नाव घेतल्यावर?

विश्राम: हसलो म्हणतोय ना! किती वाजले?

वल्लरी: पस्तीस. ही वही कसली? ‘शनिवार, १६.००, घरीच आहे. १७.००, घरीच आहे.’ दर तासाला?

विश्राम: तो म्हणाला, तासातासाला रिपोर्ट द्या. म्हटलं घ्या, खेळवू जरा याला.

वल्लरी: शेवटची नोंद आज नऊची आहे.

विश्राम: सवय गं. जन्मभर गाड्यांच्या वेळा लिहिल्या. हात थांबत नाही.

वल्लरी: आणि पिशवीत पासबुक, ठेवीची पावती, आधार कार्ड. पेन्शनरांच्या मीटिंगला ठेवीची पावती लागते?

विश्राम: तू चहा घे आणि नीघ बघू. उशीर होतोय मला.

वल्लरी: फोन द्या तुमचा.

विश्राम: फोन आहे कुठे? त्याच संध्याकाळी तलावपाळीला गेलो आणि दिला भिरकावून. पाण्यावर तीन उड्या मारल्या त्याने. भेळवाला भेळ कालवायचा थांबला बघत.

वल्लरी: थांबा, व्हॉट्सअ‍ॅपवर लावून बघते.

विश्राम: नको! नको लावूस. बुडालेल्या फोनला काय लावतेस?

वल्लरी: आजोबा.

विश्राम: ठेव तो खाली.

वल्लरी: ‘दुसऱ्या कॉलवर’ दाखवतंय. तळ्यातून कोणाशी बोलतोय तुमचा फोन?

विश्राम: हळू बोल. तांदळाच्या डब्यात आहे. अंघोळीला म्हणून चाळीसपर्यंत सुट्टी मागितलीय, मग बँकेत... वल्लरी, हसलो नव्हतो गं मी.