दिवसा जागायचं

माझं मूळ गाव पेठ वडगावच्या बाजूला, पण मिसरूड फुटायच्या आधीच कोल्हापुरात आलो आणि शाहूपुरीतल्या एका बेकरीत भट्टीवर लागलो, ते पार म्हातारा होईस्तोवर तिथंच. बेकरीचं काम सगळं रातचं बघा. लोकं निजली की आमचं पीठ मळाय सुरू, उजाडलं की आम्ही निजणार. बायको मुमताज म्हणायची, तुमचा दिवस उगवतो तरी कवा. मग ती गेली, लेक शबाना लगीन होऊन मिरजेला गेली, आणि शिवाजी पेठेतल्या खोलीत मी एकटाच ऱ्हायलो.

त्यात अंगावरनं वारं गेलं. भट्टीतनं पावाचा ट्रे वढत हुतो, तो सुटला, सुटला म्हंजे उजवा हात हाय का न्हाय तेच कळंना, आणि तोंडातनं शब्द वाकडा. संगतीच्या गड्यांनी दवाखान्यात न्हेलं म्हणून वाचलो की.

घरी आलो तर काय सांगू तुम्हाला, रातभर डोळं टक्क उघडं, आणि सकाळी व्यायाम घ्यायच्या बाई आल्या की मी बसल्या जागी पेंगायचो. त्या म्हणाल्या, चाचा, मार मेंदूला बसलाय, तो झोपेत सावरतोय, रात्री निजा, सकाळी उन्हात बसा, दुपारी आडवं होऊ नका. आता जलमभराची सवय ती, अशी सुटतीया व्हय? पण शेजारच्या आक्काताईंनी मनावर घेतलं. उजाडलं की दार वाजवायच्या, मला दारात खुर्चीवर बसवायच्या आणि मगच कामाला जायच्या.

हळूहळू झोप लागाय लागली, बोटं हलाय लागली. पण दिवस मोठा झाला की वो. गल्ली सगळी कामावर. मुमताज हुती तवा दिवसा मी घोरत पडल्याला, आता मी जागा तर खोलीत कोण न्हाय. बाई म्हणायच्या, बोलत ऱ्हावा, बोललं की जीभ सुटंल. बोलू कुणासंगं? शबानाचा फोन यायचा, मी कायबी बोललो की ती व्हय अब्बा, व्हय अब्बा म्हणायची, आणि मला ठावं असायचं, पोरीला एक शब्द कळल्याला न्हाय.

मागल्या महिन्यात मी म्हणालो, चार दिवस ये की गं, दुपार सरत न्हाय. तवा ती व्हय अब्बा म्हणाली न्हाय. ह्या येळंला कळलं हुतं तिला. म्हणाली, अब्बा, रविवारी येते.

आली, ऱ्हायली, गेली. तिला तिचं घर हाय, अल्ला तिला सुखात ठेवो. आता तुम्हीबी उठाय लागलाय. बसा की पावणं, आत्ता कुठं दुपार झालीया.