हार्ड डिस्क सापडेना

अरे, आमच्या फुलपाड्याच्या घरी पहिला कॉम्प्युटर आला, तेव्हाची गंमत सांगतो! दादा दुबईला होता, त्याने आपली तान्ही मुलगी अजून पाहिलीच नव्हती. त्या संध्याकाळी ती त्याला वेबकॅमवर दिसणार होती. मी विंडोज टाकायला बसलो, तर स्क्रीनवर आलं, हार्ड डिस्कच सापडत नाही! वहिनीचा चेहरा पडला.

मी वसईच्या माझ्या मित्राला, कॉम्प्युटरवाल्या विल्सनला फोन लावला. तो म्हणाला, "नव्या डिस्कसाठी विंडोजला आधी ड्रायव्हर द्यावा लागतो, म्हणजे ती डिस्क ओळखायचा प्रोग्रॅम. सोबत फ्लॉपी आलीय ना?"

"आलीय, पण घालू कुठे? फ्लॉपी ड्राइव्हच नाही!"

"थांब, माझा काढून आणतो."

स्कूटरवरून आला, ड्राइव्ह जोडला आणि वहिनीला म्हणाला, "स्क्रीनवर खाली क्षणभर एक ओळ येईल, तेव्हाच एफ-सिक्सचं बटण दाबा."

ओळ दिसताच आम्ही सगळे ओरडलो, "दाबा!" वहिनीने दाबलं. फ्लॉपी घरघरली आणि डिस्क दिसली! आईने विल्सनला मिठीच मारली.

संध्याकाळी वहिनीने मुलीला कॅमेऱ्यापुढे धरलं. दादा बघतच राहिला, मग घाबरून ओरडला, "अरे, चित्र अडकलं, हलतच नाही!"

वहिनी कुजबुजली, "हळू बोला. झोपलीय ती."