अ‍ॅनिसच्या नावानं

—नको, खिडकीत नको ठेवूस ते पुस्तक पोरी, इथला वारा मेंढरांना आडवं करतो, पुस्तकाचं काय घेऊन बसलीस. तुझ्या आईचं ना ते? तिची इच्छा होती म्हणतेस, मग त्या पत्र्याच्या डब्यात टाक. सगळे तिथंच टाकतात — फुलं, फिती, अ‍ॅनिसला पत्रं. हो, कादंबरीतल्या बाईला पत्रं. हसू नकोस, लंडनहून येतात माणसं आणि या पडक्या घरापाशी उभी राहून रडतात. मी? मी कुणी नाही गं, नाव कशाला हवंय, गावातली म्हातारी, समितीनं घर दाखवायला आणि डबा रिकामा करायला ठेवलीय. बस. चहा घे, थर्मासमधला आहे, पण गरम आहे.

पत्रांचं काय करते? जाळते. न वाचता जाळायची, असं ठरलंय — बरं, वाचते. वाचते मी. बावीस वर्षं हीच खिडकी दाखवतेय, ‘इथं उभी राहून अ‍ॅनिसनं सोडून गेलेल्या आपल्या माणसाची वाट पाहिली’, आणि खरं सांगू, ती कादंबरी मी निम्मीच वाचली होती. निम्म्यात शाळा सुटली, गिरणीत लागले, पुढं राहूनच गेलं. आणि अडलं कुठं? आमच्या गावात शेंबडं पोरही सांगतं, शेवटी तो येतो. चहाच्या दुकानाच्या पाटीवरसुद्धा तेच रंगवलंय.

मग ते एक पत्र आलं. नऊ वर्षं झाली. समुद्रकाठची कुणी बाई — नवरा दुसरीबरोबर निघून गेलेला, आणि गल्लीतला एक बेकरीवाला, विधुर, भला माणूस, तो लग्नाचं विचारत होता. ‘अ‍ॅनिस, तुझ्याशिवाय कुणाला विचारू? थांबू, की हो म्हणू?’ खाली पत्ता. मला काय झालं कोण जाणे. नाही — माहितीये काय झालं ते. मोठं वाटलं मला. जन्मात मला कुणी सल्ला विचारला नव्हता, आमचे हे विचारायचे ते जेवायला काय आहे एवढंच. तर मी बसले, हिरव्या शाईनं लिहिलं — थांब, माझा आला, तुझाही येईल. खाली सही केली, अ‍ॅनिस. वर तिकीटही माझ्याच पैशाचं लावलं, बघ.

गेल्या हिवाळ्यात खुब्याचं हाड मोडलं, दोन महिने पलंगावर, तेव्हा एकदाची पूर्ण वाचली. येतो गं तो. येतो — तिच्या शवपेटीला खांदा द्यायला. वाट बघून बघून ती गेलेली असते, आणि मी तिच्या तोंडून काय वदवलं? लाज वाटते मला. ही खिडकी दाखवायला हात वर करते ना, तेव्हा प्रत्येक वेळी वाटते. त्या समुद्रकाठच्या बाईला परत लिहावं, माफी मागावी, तर ते पत्र बाकीच्यांबरोबर जाळलेलं. नियम म्हणजे नियम. तेवढा मात्र पाळला.

चहा गार होतोय — हे काय, पुस्तकात पाकीट ठेवलंय? आईचंच का हे पण? बघू — नको. नको काढूस बाहेर. पाकिटावरची हिरवी शाई दिसतेय मला.

थांबली ती?

आणि तो बेकरीवाला, त्याचं पुढं — नाही, राहू दे. मान हलवू नकोस, कळलं मला.

शेवटची बस सव्वाचारला आहे. टेकडी उतरताना भिंतीच्या कडेकडेनं जा, मधले दगड सुटलेत. पुस्तक घरी ने, इथं नको त्याला. आणि मघाशी तू नाव विचारलंस, मी टाळलं. हिल्डा थॉर्प. पत्राखाली हे लिहायला हवं होतं मी. जा आता, बस चुकेल.