बिनटॅक्सच्या देशातला नवरा

...नाही, पण तुम्हीच सांगा, ज्या देशात पगारावर टॅक्सच नाही त्या देशात मुकाट्याने अकरा वर्षं नोकरी केलेल्या माणसाला लग्नाच्या पाचव्या महिन्यात खुर्चीत बसवून विचारायचं, 'जॉइंट की सेपरेट?' अहो, कसलं जॉइंट आणि कसलं सेपरेट! मला आधी वाटलं, बँकेचं काहीतरी असेल. मग वाटलं, बेडरूमचं असेल. ते निघालं अमेरिकेचं!

थांबा, असं नाही कळायचं. मी सुबोध, मूळचा पेणचा, नोकरी यान्बूला. एका बाजूला तांबडा समुद्र, दुसऱ्या बाजूला धुराडी, आणि मधे मी, हेल्मेट घालून, कुठल्यातरी गेजचा काटा बघत. बायको सुखदा, ती रियाधला, मोठ्या हॉस्पिटलात भूल देणारी डॉक्टर. मधे हजार किलोमीटर वाळवंट. दर गुरुवारी संध्याकाळी दोघांपैकी एकाने विमान गाठायचं, शनिवारी परत. असा आमचा संसार, आठवड्यातून दोन दिवस, तोही तिची ड्यूटी नसेल तर!

आणि ही सुखदा कोण, तर अमेरिकन. हसू नका! इकाम्यावर, म्हणजे सौदीच्या रहिवासी कार्डावर, लिहिलंय तसं! पेशंट कौतुकाने विचारतात, "डॉक्टर, अम्रीकिया?" आणि ही अम्रीकिया कोण, तर डब्यातून भडंग नेणारी, रागावली की 'काय कराल्यास तू?' म्हणणारी सांगलीची पोरगी! अमेरिकेत राहिली किती, तर अकरा महिने, आणि तेसुद्धा दुपट्यात. मी सासऱ्यांना, भाऊसाहेबांना विचारलं, तर ते म्हणतात, "अवो जावईबापू, कंपनीनं दीड वर्षासाठी धाडलं म्हणून गेलो. आता तेवढ्यात पोरगी आली जन्माला, तर तिला काय सांगू, थांब जरा, सांगलीला गेल्यावर ये?"

बरोबर आहे. पण अमेरिका विसरत नाही हो! तुम्ही एकदा तिथे जन्मलात, की मग सांगलीत राहा, सौदीत राहा, दरवर्षी तिला कळवायचं, बाई गं, मी यंदा इतकं कमावलं. बिचारी सुखदा इतकी वर्षं इमानदारीने कळवत आली. 'सिंगल' या चौकोनात टिचकी मारली की झालं. आणि मग तिने माझ्याशी लग्न केलं.

सुखदाचा टॅक्सचा फॉर्म भरून देतात सुरैयामॅडम. हैदराबादच्या, वीस वर्षं शिकागोत काढून आता रियाधला मुलाकडे असतात, आणि तिथल्या अल मलाझ भागात एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत बसून तमाम अमेरिकन पासपोर्टवाल्यांचे फॉर्म भरतात. आम्ही गेलो. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "शादी कब करे तुमे लोगां?" म्हटलं, सत्तावीस डिसेंबर. पेन खाली! "हौला है क्या मियां? पाँच दिन ठहर जाते तो क्या जाता था? इकत्तीस दिसंबर को जो शादीशुदा, वो पूरे साल का शादीशुदा!" म्हणजे बघा, जानेवारीत मी हिला ओळखतही नव्हतो, पण अमेरिकेच्या दृष्टीने जानेवारीपासून मी हिचा नवरा! आता आम्ही तारीख काढली ती हॉल रिकामा होता म्हणून. सांगलीच्या हॉलवाल्याला काय ठाऊक, तो अमेरिकेचा कायदा चालवतोय ते?

मग त्यांनी समजावून सांगितलं. सेपरेट भरलं तर सुखदा फक्त स्वतःचं सांगणार. मी कोण? कुणी नाही. फॉर्मवर माझ्या टॅक्स नंबराच्या जागी नुसतं 'एनआरए'. नॉन रेसिडेंट एलियन! आईने शेजारपाजारी सांगितलं मुलगा सौदीला आहे, आणि इथे मी परग्रहावरचा! आणि जॉइंट भरायचं, तर मीही सही करायची, की मला अमेरिकेतलाच समजा, आणि माझंही जगातलं सगळं सांगायचं. पगार, खाती, व्याज, भाडं. "जॉइंट में फायदा है," मॅडम म्हणाल्या. "बोलो. जॉइंट की सेपरेट?"

सुखदा म्हणाली, "जॉइंट. लग्नच केलंय तर..."

आणि त्याच क्षणाला, तिचं वाक्य संपायच्या आत, माझ्या तोंडून आलं, "सेपरेट."

सुखदाने मान वळवून बघितलं. भूल देणाऱ्या माणसाचं बघणं वेगळं असतं हो, तुमच्या चेहऱ्यावरून नाडी मोजतात! मी आपलं काहीतरी... म्हणजे, कशाला उगाच अमेरिकेला आपलं सगळं... सौदीत कसं सुटसुटीत... मॅडमनी प्रश्नांची चार पानं हातात ठेवली. "अगले जुम्मे तक सोचके आओ. और एक बात याद रखना. आज सेपरेट भरे तो कल जॉइंट हो सकते. जॉइंट भरके तारीख निकल गई, तो फिर उस साल सेपरेट नहीं हो सकते."

यान्बूला परत आलो. शनिवारची दुपार, समोर ती चार पानं. नाव, जन्मतारीख, सगळं भराभर. आणि तिसऱ्या पानावर अकरावा प्रश्न. 'तुमचं कुणाबरोबर संयुक्त खातं किंवा संयुक्त मालमत्ता आहे का? असल्यास, कुणाबरोबर?'

आहे. रेखाबरोबर.

झालं! आता तुम्हीही तसंच बघायला लागलात! अहो, रेखा म्हणजे... नऊ वर्षांपूर्वी आमचा साखरपुडा झाला होता. पनवेलला फ्लॅट बुक केला, दोघांच्या नावावर. मग तिला सौदीला यायचं नव्हतं आणि मला सौदी सोडायचं नव्हतं, आणि कुणीही कुणाला वाईट न बोलता ते मोडलं. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, वाटणी तरी झाली असती! चांगलेपणात सगळं राहून गेलं, पुढे तिचं लग्न झालं तरी. फ्लॅटवर भाडेकरू, भाडं संयुक्त खात्यात, आणि वर्षातून एकदा करार रिन्यू करायला तिला मेसेज, 'ओटीपी आला असेल, पाठव.' तिचा मेसेज, सहा आकडे. बस. एवढंच नातं.

सुखदाला रेखाबद्दल सांगितलं होतं मी! पहिल्याच भेटीत! फ्लॅटचं तेवढं राहिलं. आता कसं राहिलं? पहिल्या भेटीत कुणी फ्लॅट काढतं का? दुसऱ्या भेटीत ती हसत होती, तिचं हसू कशाला घालवा? मग लग्न ठरलं, मग वाटलं आता सांगितलं तर म्हणेल आधी का नाही सांगितलंस. आणि लग्न झाल्यावर तर प्रश्नच मिटला, कारण आता फारच उशीर झाला होता. मी इकडे एकीशी जॉइंट होतो, तिकडे दुसरीशी लग्न केलं होतं, आणि मला कळलंसुद्धा नव्हतं, तुमची शपथ!

माझ्या शिफ्टला जमालुद्दीन असतो, श्रीवर्धनचा. त्याला म्हटलं, काय करू? तो म्हणाला, "सोपं हाय. सेपरेट भर नि गप ऱ्हा. तुझं नावच नाय तर विचारणार कोण?" मग निघता निघता वळला. "पन मग दर साली सेपरेट भरावं लागंल, हा. मरस्तोवर." आणि गेला की हो चहा प्यायला!

मरेपर्यंत! मी ते गेज बघत बसलो. माणसं म्हणतात, लपवलं म्हणजे खोटं बोललं. मी खोटं नव्हतो बोललो. पण दर वर्षी एका चौकोनात टिचकी मारून न बोलायचं, याला काय म्हणायचं? आणि तिला कधीच कळणार नाही, का, तर मी अमेरिकेला परग्रहावरचा म्हणून! त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, अमेरिकेला असेन, पण हिलाही मी एलियनच राहायचं का?

शुक्रवारी दुपारी, अल मलाझला, मॅडमच्या खोलीखाली गाडीत बसून सांगितलं. सगळं. एका दमात, आत्ता तुम्हाला सांगतोय तसं. ती समोर काचेतून बघत होती. मग एकच प्रश्न. "ओटीपी कुणाच्या फोनवर येतो?"

"तिच्या."

"म्हणजे नऊ वर्षं तू दर वर्षी तिला फोन करतोस."

"मेसेज."

"बरं, मेसेज."

मग म्हणाली, "सुबोध, टेबलावर घेतलेल्या माणसाला मी विचारते, सकाळपासून काही खाल्लंय? कुठलं औषध चालू आहे? निम्मे खोटं बोलतात. वाईट म्हणून नाही, घाबरून. त्यांना वाटतं डॉक्टर रागावेल. मी रागवत नाही रे. पण मला कळलं नाही, तर माझ्याच हातून तो माणूस जाईल ना?" आणि तिचे डोळे भरले.

वर गेलो. मॅडम म्हणाल्या, "यल्ला, बोलो. जॉइंट की सेपरेट?"

मी म्हटलं, जॉइंट. सुखदा म्हणाली, "सेपरेट."

"या अल्ला! पिछले हफ्ते उल्टा बोले थे!"

"मॅडम," सुखदा म्हणाली, "यंदा सेपरेट. याला आधी दुसरीकडून सुटू दे." आणि मॅडमनी, काही न विचारता, माझ्या नंबराच्या जागी लिहिलं, एनआरए. खलास!

मग पहिल्यांदा, नऊ वर्षांत, मी रेखाला खरोखर फोन केला. म्हटलं, फ्लॅटचं आता... तुझ्या मिस्टरांना कसं सांगायचं ते... तर ती म्हणते, "त्याला काय सांगायचं? त्याला लग्नाआधीपासून माहितीये! दर वर्षी तोच मला आठवण करून देतो, ओटीपी आला की सुबोधला पाठव म्हणून." ऐका! म्हणजे ज्या गोष्टीने मी अर्धा झालो होतो, ती त्यांच्या घरी कॅलेंडरवर लिहिलेली होती!

ऑगस्टमध्ये सुट्टी काढून पनवेलला गेलो. माझा हिस्सा तिला द्यायचा, हक्कसोडपत्र करायचं ठरलं. सुखदा म्हणाली, मी येणार. निबंधकांच्या कार्यालयात तुडुंब गर्दी, पंखा फिरतोय की नाही कळत नाही, आणि एका बाकावर आम्ही चौघं, मी, रेखा, तिचा नवरा, सुखदा. क्लार्कने कागदावरून वर बघितलं. माझ्याकडे, रेखाकडे. "संमतीने आहे ना? छान. हल्ली एवढं शांतपणे कुणी वेगळं होत नाही." मग सुखदाकडे बोट. "आणि या कोण?"

आता काय सांगायचं? सुखदा म्हणाली, "मी ह्यांची बायको. ह्यांना भूल न देता सोडवून घ्यायला आलेय."

अख्खं कार्यालय हसलं. रेखा सगळ्यात जास्त हसली. मी सही केली, अंगठा दिला, फोटो काढला, आणि खरं सांगतो, इतकं हलकं वाटलं... इतकं, की बाहेर आल्यावर रस्त्यातच सुखदाचा हात धरला. तिने धरू दिला. मग मी, मोठ्या आशेने, म्हटलं, "काय गं, पुढच्या वर्षी आता एकत्र भरायचं ना?"

ती म्हणाली, "बघते. रेखाने नंबर दिलाय. तुझ्याबद्दल ती अजून काय काय सांगते ते आधी नीट ऐकून घेते."

आता दर शुक्रवारी सकाळी दोघींचा फोन असतो. तास, सव्वा तास. मधेच सुखदा माझ्याकडे बघते आणि 'अगं हो का!' म्हणते. विमानाने हजार किलोमीटर येतो मी, दोन दिवसांसाठी... आणि करतो काय? चहा करतो. आलं घालून. दुसरं काय करणार!